वादळानंतरचा उजेड : वीजपुरवठा पूर्ववत होण्याच्या क्रमाचा इतिहास
(कळमनुरी तालुक्याच्या निमित्ताने)

१. विषय

वादळाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा वाऱ्याच्या वेगाकडे, पडलेल्या घरांकडे व प्राणहानीकडे जाते. वादळ ओसरल्यानंतरचे दिवस मात्र इतिहासाच्या कक्षेत क्वचितच येतात. त्या दिवसांत रस्ते मोकळे होतात, पाण्याची सोय होते, आणि शेवटी केव्हा तरी घरोघर दिवे लागतात. हे दिवे कोणत्या क्रमाने लागतात, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटेल. परंतु ज्या समाजात पिण्याचे पाणी, पिठाची गिरणी, दवाखाना आणि संदेशवहन ही सर्व विजेवर अवलंबून आहेत, त्या समाजात हा क्रम म्हणजे सामाजिक अग्रक्रमाचे एक उघड पत्रकच होय.

प्रस्तुत लेखात एक साधे प्रतिपादन करावयाचे आहे. एखाद्या प्रदेशात वीज प्रथम ज्या क्रमाने पोचली, बहुतांशी त्याच क्रमाने ती प्रत्येक मोठ्या वादळानंतर परत येते. विद्युतीकरणाच्या इतिहासात जे गाव, जी वस्ती, जे घर शेवटी होते, ते वादळानंतरही शेवटीच राहते. ह्या नियमाला अपवाद आहेत, आणि त्यांचाही विचार पुढे केला आहे. विवेचनासाठी मराठवाड्यातील कळमनुरी हा तालुका समोर ठेवला असून तुलनेसाठी कोकणातील अलीकडच्या चक्रीवादळांचा आधार घेतला आहे.

२. जाळ्याची घडण

महाराष्ट्रात विजेचे मोठे जाळे निर्माण झाले ते खेड्यांसाठी नव्हे. १९१५ मध्ये खोपोली येथील जलविद्युत् केंद्र सुरू झाले ते मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांकरिता. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे त्याला जोडली गेली. सह्याद्रीच्या घाटातून उतरणाऱ्या ह्या तारांखालच्या गावांना विजेची ओळख झाली ती प्रथम डोक्यावरून जाणाऱ्या तारांची म्हणून. घरातला दिवा पुष्कळ नंतरचा.

निजामाच्या राज्यात केंद्रस्थानी राजधानी होती. हैदराबाद येथील हुसेनसागर औष्णिक केंद्र १९२० मध्ये उभे राहिले व राजधानीच्या गरजेभोवती तेथील वीजव्यवस्था वाढत गेली. मराठवाडा हा त्या राज्याचा वायव्येकडील भाग. त्या राज्यात कळमनुरी हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून तो त्या जिल्ह्यात आहे. तालुक्यातून कयाधू वाहते, तर विदर्भाच्या बाजूस पैनगंगेची सीमा असून तिच्यावर इसापूरचे धरण आहे.

१९४८ ह्या एकाच वर्षाच्या उत्तरार्धात तीन घटना लागोपाठ घडलेल्या दिसतात. १० सप्टेंबर रोजी वीजपुरवठा अधिनियम संमत झाला व राज्यांना वीज मंडळे स्थापण्याचा मार्ग मोकळा झाला. १७ सप्टेंबर रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. आणि नोव्हेंबरच्या २१-२२ तारखांना मुंबईला मोठ्या चक्रीवादळाने झोडपले. ह्या तिन्ही घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि विजेचे जाळे कोणी उभारावयाचे, कोणत्या प्रदेशात न्यावयाचे, आणि वाऱ्याने तोडले तर कोणी जोडावयाचे, हे पुढील काळाचे तीनही प्रश्न ह्या एका वर्षात एकत्र आलेले दिसतात.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र राज्य निर्माण झाल्यावर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, पूर्णा नदीवरील येलदरी येथील २२.५ मेगावॉटचे जलविद्युत् केंद्र १९६८ च्या सुमारास उभे राहिले आणि परळीचे औष्णिक केंद्र १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. १९६९ साली स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण निगमाच्या कर्जातून खेड्यांकडे जाणाऱ्या तारांना वेग आला. तरीही प्रादेशिक तफावत राहिलीच. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाडा व विदर्भ यांना न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते, परंतु वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचे मोजमाप केले तेव्हा ग्रामीण विद्युतीकरण हा मोजमापाचा एक स्वतंत्र विषय ठरवावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ह्या सर्व वाढीचे स्वरूप वृक्षासारखे होते. खोड म्हणजे अतिउच्च दाबाच्या वाहिन्या; मोठ्या फांद्या म्हणजे ३३ केव्हीच्या वाहिन्या; त्यांच्या टोकाला उपकेंद्र; तेथून निघणाऱ्या ११ केव्हीच्या वाहिन्या; त्यांच्यावर गावोगावची रोहित्रे, ज्यांना लोक 'डीपी' म्हणतात; रोहित्रापासून लघुदाबाच्या तारा; आणि शेवटी खांबावरून घरात जाणारी सर्व्हिस वायर. शहरांत एका बाजूने पुरवठा तुटला तर दुसऱ्या बाजूने देता यावा, अशी कड्यासारखी रचना करणे काही प्रमाणात परवडते. खेड्यांत ती परवडली नाही. पैसा थोडा व अंतरे मोठी, म्हणून तार एकाच दिशेने पुढे पुढे नेली गेली. आधी तालुक्याचे ठिकाण, मग मोठ्या रस्त्यावरची गावे, मग आडबाजूची, मग वाड्या, वस्त्या आणि तांडे. जाळ्याच्या ह्या घडणीतच पुढच्या प्रत्येक वादळाच्या वेळचा क्रम लिहिला गेला.

३. वीज परत कशी येते

वादळात तारेवर फांदी पडली, किंवा दोन तारा एकमेकींवर आदळल्या, की उपकेंद्रातील खटका आपोआप पडतो व संपूर्ण वाहिनी बंद होते. उपकेंद्रातील यंत्रचालक थोड्या वेळाने वाहिनी पुन्हा सुरू करून पाहतो. ती टिकली तर दोष क्षणिक होता असे समजावयाचे. न टिकल्यास शोध सुरू होतो. वाहिनीच्या मध्यावरील स्विच उघडून अलीकडचा अर्धा भाग चालू करून पाहतात. तो टिकला तर दोष पलीकडे आहे हे ठरते. मग पलीकडच्या भागाचेही असेच दोन भाग करावयाचे. अशा रीतीने दोषाची जागा आकुंचित होत जाते, आणि शेवटी तार पायी पाहत जावे लागते. रात्री, चिखलात, उभ्या उसातून किंवा केळीच्या बागेतून तारेखाली चालत जाण्याला पर्याय नाही. दूरनियंत्रणाची साधने आज काही उपकेंद्रांत आली असली, तरी फुटलेले चिनी मातीचे इन्सुलेटर शेवटी माणसाच्याच डोळ्याला दिसते.

दोष सापडला म्हणजे काम सुरू होते असे नाही. प्रथम 'परमिट' घ्यावे लागते. वाहिनी बंद केली आहे व ती कोणी सुरू करणार नाही, ह्याची ही लेखी हमी होय. ज्याच्या नावे परमिट दिले, त्यानेच ते परत केल्यावाचून वीज सोडावयाची नाही, असा दंडक आहे. त्यानंतर कामाच्या दोन्ही बाजूंस तार जमिनीशी जोडतात. कारण बंद तारेतही वीज उलट्या दिशेने येऊ शकते. एखाद्या घरातील जनित्र योग्य स्विच न लावता घरगुती जोडणीला जोडलेले असेल, तर त्याचा थोडा दाब रोहित्रातून उलटा जाऊन हजारो व्होल्टचा होतो. वादळानंतर वीज येण्यास लागणाऱ्या वेळेतील बराच भाग ह्या सावधगिरीचा असतो, आणि तो वाचवू पाहणाऱ्यांनी पुष्कळदा प्राणाने किंमत मोजली आहे.

खांब मोडले असतील तर प्रश्न सामग्रीचा होतो. लोखंडी खांब वाऱ्याने वाकतो, सिमेंटचा मोडतो. एक खांब पडला की तारेच्या ओढीने शेजारचे दोन-चार खांब त्याच्याबरोबर जातात. म्हणून नुकसान सुट्या खांबांत न होता सलग गाळ्यांत होते. तारा अॅल्युमिनियमच्या व मधोमध पोलादी दोरा असलेल्या असतात. त्यांच्या जाडीनुसार 'स्क्विरल', 'वीझल', 'रॅबिट', 'डॉग' अशी प्राण्यांची इंग्रजी नावे रूढ असून ती आजही भांडारातील नोंदवह्यांत देवनागरीत लिहिलेली आढळतात. खड्डा खणणे, खांब उभा करणे, ताण देणे, तार ओढणे व बांधणे ह्या कामांना यंत्र जेथे पोचते तेथे तास लागतात. जेथे पोचत नाही तेथे दिवस.

आता क्रमाचा विचार करू. मोठी वाहिनी दुरुस्त करण्यात घालविलेल्या एका दिवसाने अनेक गावांत वीज येते. रोहित्रावर घालविलेल्या दिवसाने एका गावाच्या एका भागात, आणि सर्व्हिस वायरवर घालविलेल्या दुपारी एकाच घरात. तेव्हा हाती असलेल्या माणसांकडून अधिकांत अधिक घरांना लवकर उजेड मिळावा, असा हेतू धरला तर वरून खाली येणे क्रमप्राप्त ठरते. त्यातही दवाखाने, पाणीपुरवठा व दूरध्वनी यांच्या वाहिन्यांना अग्रक्रम मिळतो. ह्या गणितात चूक काढता येत नाही. परंतु त्याची फलश्रुती अशी, की फांदीच्या टोकाचे घर प्रत्येक वेळी, न चुकता, शेवटचे ठरते. ज्या तर्काने त्या घरापर्यंत वीज उशिरा पोचली, नेमका तोच तर्क येथेही चालतो. एका खेपेचा न्याय शंभर खेपांनंतर अन्याय कसा होतो, ह्याचे हे उदाहरण आहे.

४. दोन प्रकारची वादळे

कोकणात निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली ह्या भागांत नारळ, पोफळी व आंब्याची झाडे मोठ्या संख्येने उन्मळून तारांवर पडली. करोनाच्या साथीमुळे माणसे व सामग्री यांची ने-आण आधीच कठीण झाली होती. राज्याच्या इतर परिमंडलांतून कर्मचाऱ्यांची पथके पाठविण्यात आली. तरीही डोंगरातील अनेक वाड्यांत वीज येण्यास आठवडे लागले. पुढच्याच वर्षी, १५ ते १७ मे २०२१ या दिवसांत, तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकले व १७ मे च्या रात्री सौराष्ट्रात जमिनीवर आले. ह्या वेळी करोनाची रुग्णालये व प्राणवायूचे प्रकल्प यांचा पुरवठा हा सर्वांत वरचा अग्रक्रम होता. म्हणजे क्रम बदलता येतो, मात्र तो बदलण्यास तसेच प्रबळ कारण लागते.

कळमनुरीला समुद्रावरचे चक्रीवादळ त्याच्या मूळ वेगाने पोचत नाही. तेथले वादळ निराळे. चैत्र-वैशाखात जमीन तापते, दुपारनंतर ढग उंच चढतात, आणि त्यांतून थंड हवेचा लोट एकाएकी खाली कोसळून जमिनीवर चोहोकडे पसरतो. हा वारा पंधरा-वीस मिनिटे टिकतो. त्याचा पट्टा अरुंद असतो. एका गावची डीपी उलथते आणि दोन कोसांवरील गावात पानही हलत नाही. त्याच्याबरोबर विजा व कधी गाराही येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाड्याच्या स्मरणात आहे. डोंगरकडा परिसरातील केळीच्या बागा अशा वाऱ्यात घडीभरात आडव्या होतात, आणि त्याच वाऱ्यात बागेतील पंपाची तारही तुटते.

ह्या दोन प्रकारांतील भेद इतिहासकाराने नीट ध्यानात घ्यावयास हवा. चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. खांब, तारा व माणसे आधीच हलविता येतात. त्याला नाव असते, त्याची नोंद होते, मंत्री पाहणीस येतात, शेजारून पथके येतात. उन्हाळी वावटळीची सूचना फार तर काही तासांची. तिला नाव नसते. तिचे नुकसान एका गावापुरते असल्याने बाहेरून मदत मागविण्याइतके ते मोठे ठरत नाही, आणि त्या शाखा कार्यालयातील मोजक्या माणसांना झेपण्याइतके ते लहानही नसते. मोठ्या संकटाला संघटना लाभते. लहान संकट पुनःपुन्हा येत असूनही एकाकी राहते. एका वर्षातील अंधाराचे सर्व तास एकत्र केले, तर अशा नाव नसलेल्या वाऱ्यांचा वाटा लहान असेल असे मानण्याचे कारण नाही.

५. 'वीज आली' ह्याचा अर्थ

आता एका व्याख्येकडे वळू. १९९७ पूर्वी एखाद्या गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव विद्युतीकृत समजले जाई. एका शेतातील एक पंप चालला तरी गाव प्रकाशित! १९९७ मध्ये वीज गावाच्या वस्तीत वापरली जावी अशी अट आली. २००४ मध्ये व्याख्या आणखी कडक झाली व किमान १० टक्के घरांत वीज असणे, तसेच शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी ती उपलब्ध असणे आवश्यक ठरले. म्हणजे नव्वद टक्के घरे अंधारात असतानाही गाव विद्युतीकृत म्हणविता येई. २०१७ च्या सौभाग्य योजनेत प्रथमच मोजमापाचे एकक गाव न राहता घर झाले.

वादळानंतरच्या निवेदनांतही हाच पेच आढळतो. इतकी उपकेंद्रे, इतक्या वाहिन्या, इतकी गावे पूर्ववत झाली, अशी गणना होते. वाहिनी सुरू झाली की गाव पूर्ववत झाले. परंतु त्या गावची एखादी डीपी जळालेली असू शकते, एखाद्या गल्लीतील तार तुटलेली असू शकते, एखाद्या विधवेच्या घराची सर्व्हिस वायर खांबावरून निखळून पडलेली असू शकते. कागदावर ह्या घरात वीज आली आहे. तक्रार करण्यासाठी जो दूरध्वनी हवा, त्याची बॅटरी मात्र संपली आहे. विद्युतीकरणाच्या व्याख्येस घरापर्यंत पोचण्यास अर्धे शतक लागले. पूर्ववत होण्याच्या व्याख्येचा तोच प्रवास अद्याप पुरा व्हावयाचा आहे.

कायद्याचेही असेच. २००३ च्या वीज अधिनियमानंतर, ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. राज्य वीज नियामक आयोगाने २००५ मध्ये सेवेची मानके ठरवून दिली. बिघडलेले रोहित्र ग्रामीण भागात ४८ तासांत बदलावे, शहरांत त्याहून कमी वेळात, आणि विलंब झाल्यास ग्राहकास भरपाई द्यावी, असे त्यांत होते. अंतरे मोठी असल्याने खेड्यांना अधिक मुदत देणे व्यवहार्य होय. परंतु चक्रीवादळ, तुफान, वीज कोसळणे ही कारणे असल्यास ही मानके लागू होणार नाहीत, अशीही तरतूद त्यांत होती. वादळात काम करणाऱ्या यंत्रणेला घड्याळाच्या धाकाने असुरक्षित घाई करावी लागू नये, हा त्यातील योग्य भाग. मात्र वादळ थांबल्यानंतर किती दिवसांनी घड्याळ पुन्हा सुरू व्हावे, ह्या प्रश्नावर शेवटच्या घराचा हक्क अवलंबून आहे.

६. माणसे

ह्या इतिहासात ज्यांची नावे येत नाहीत ती माणसे म्हणजे लाईनमन व वायरमन. कंपनीने त्यांना अलीकडे 'जनमित्र' असे नाव दिले आहे. त्यांच्या खालोखाल, कोणत्याही वेतनपटावर नसलेला, गावात 'झीरो वायरमन' म्हणून ओळखला जाणारा तरुण असतो. तो डीपीचा फ्यूज बांधतो, तुटलेली तार बाजूस करतो, क्वचित खांबावरही चढतो. त्याला परवाना नाही, हातमोजे नाहीत, विमा नाही, आणि परमिटची पद्धत त्याला लागू नाही. अधिकृत माणूस येण्यास दोन दिवस लागतील, इतक्यात पिके वाळतील व पिण्याचे पाणी संपेल, ह्या हिशोबाने गाव त्याला बोलावते. त्याचे अस्तित्व बेकायदा आहे हे खरे. पण तो ज्या रिकाम्या जागेत उभा आहे ती जागा जाळ्याच्या घडणीने व मनुष्यबळाच्या कमतरतेने निर्माण केली आहे. अशा तरुणाचा तारेला चिकटून मृत्यू झाल्यास तो वादळाच्या बळींत मोजला जात नाही. वादळाचा हिशोब मांडताना अभ्यासकाने ही बाजू वगळू नये.

७. अपवाद व बदल

प्रारंभी मांडलेल्या नियमाला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. पहिला गावठाण व कृषी वाहिन्या वेगळ्या करण्याचा. ह्या शतकाच्या पहिल्या दशकापासून हे काम हाती घेतले गेले. पूर्वी एकाच वाहिनीवर घरे व शेतपंप असल्याने शेतातील एका दोषाने गाव अंधारात जाई. वाहिन्या वेगळ्या झाल्यावर गाव आधी प्रकाशित करता येते. शेताची पाळी नंतर येते. घरास ह्याचा लाभ झाला. मात्र शेतात राहणारी कुटुंबे, म्हणजे आखाड्यावरील वस्ती, कृषी वाहिनीवरच राहिली व आणखी मागे गेली. कळमनुरी तालुक्यात आंध आदिवासींच्या वस्त्या व बंजाऱ्यांचे तांडे आहेत; एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही कळमनुरीस आहे. अशा विखुरलेल्या वस्त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

दुसरा अपवाद भूमिगत तारांचा. चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पातून अलिबाग शहरात तारा जमिनीखाली नेण्याचे काम करण्यात आले. वाऱ्याचा प्रश्न त्यामुळे जवळजवळ मिटतो. पण खर्च अनेक पटींनी वाढतो, म्हणून हा उपायही दाट वस्तीच्या ठिकाणीच प्रथम जातो. येथे पुन्हा तोच क्रम! तेव्हा अपवाद म्हणून दाखविलेली दोन्ही उदाहरणे अंती नियमाकडेच झुकताना दिसतात. छतावरील सौर तावदाने व शेतातील सौर पंप यांमुळे टोकाच्या घराला जाळ्यावाचून थोडाफार उजेड मिळू लागला आहे, हा मात्र खरा नवा मार्ग होय; त्याचा परिणाम पुढील काही दशकांत तपासण्याजोगा ठरेल.

८. उपसंहार

१९६० च्या सुमारास मराठवाड्यातील खेड्यात वादळ आले तरी रात्र नेहमीसारखीच जाई. कंदील होते, आड होता, जाते होते. आज आडाची जागा नळयोजनेच्या पंपाने घेतली आहे, जाते अडगळीत गेले आहे, आणि रेशनचे रॉकेल कमी होत होत कंदीलही निरुपयोगी झाला आहे. अंधार तोच असला तरी त्याचे ओझे वाढले आहे. जुनी साधने नाहीशी झाल्यामुळे, शेवटी वीज येणाऱ्या घराने सोसावयाचा काळ तासांत तितकाच असला तरी परिणामांत पूर्वीहून मोठा आहे.

पदव्युत्तर अभ्यासकांस येथे संशोधनाचे एक मोकळे क्षेत्र आहे. उपकेंद्रांतील दैनिक नोंदवह्यांत प्रत्येक खटका पडल्याची व वाहिनी सुरू झाल्याची वेळ मिनिटांत लिहिलेली असते. ह्या वह्या महसुली दप्तराइतक्याच काळजीने जपल्या पाहिजेत. त्यांच्या शेजारी गावोगावच्या विद्युतीकरणाची वर्षे ठेवून पाहिली, तर येथे मांडलेला नियम कोठे टिकतो व कोठे मोडतो हे तालुकावार दाखविता येईल. वाहिनी केव्हा सुरू झाली हे वही सांगते. शेवटच्या घरात दिवा केव्हा लागला हे ती सांगत नाही. ती दुसरी वेळ नोंदविण्याची पद्धत ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवशी पूर्ववत होण्याच्या व्याख्येत तो दिवा प्रथमच येईल.